ड्राय बाल्कनीला कोणता रंग द्यायचा? पहिल्यांदाच रंग काढणाऱ्यांसाठी

हॉलचा रंग ठरवताना घरातल्या चार जणांची पाच मतं असतात. बेडरूमसाठी दोन रविवार दुकानात जातात. आणि ड्राय बाल्कनीची पाळी आली की "तिथे काय, उरलेला मारून टाका" म्हणून विषय मिटतो. हॉलमधला उरलेला क्रीम, नाहीतर सिलिंगचा पांढरा. मग पुढच्या पावसाळ्यात मशीनच्या मागे काळे ठिपके, नळाच्या अंगाला पोपडे आणि नीळ ओतताना उडालेले निळे शिंतोडे दिसायला लागतात. खरं तर रंगाची सगळ्यात अवघड परीक्षा घरात इथेच होते. पाणी, साबण, ऊन, रस्त्यावरची धूळ आणि एकाच बाजूने येणारा उजेड, सगळं चोवीस-पंचवीस चौरस फुटांत.

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला लागून जी जागा असते तिच्यासाठी हे लिहितो आहे: एक वॉशिंग मशीन, जमलं तर भांड्यांचं सिंक, वर दोरीने खाली येणारं कपड्यांचं स्टँड आणि एका बाजूला ग्रिल किंवा सरकती खिडकी. बंगल्यातली धुण्याची मोरी किंवा जिन्याखालची मशीनची खोली असेल तरी बहुतेक गोष्टी लागू पडतील. उजेडाचा भाग तेवढा आपापल्या जागेप्रमाणे वाचा.

शेड कार्ड नंतर, आधी भिंत

कोरड्या हाताचा पंजा भिंतीवर घासून बघा. पांढरी भुकटी लागली तर बिल्डरने साधा डिस्टेंपर किंवा सिमेंट पेंट मारलेला आहे आणि तो सुटत चालला आहे. त्यावर कितीही महागडा रंग चढवा, तो भिंतीला न चिकटता त्या भुकटीला चिकटतो आणि तिच्याबरोबरच सोलून येतो. म्हणजे खरवडणं आलं. पेंटर "वरून मारून देतो साहेब, काही होत नाही" म्हणेल. होतं.

दुसरी तपासणी ओलीची. साधारण फूटभर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवा आणि एक दिवस तसाच ठेवा. काढल्यावर प्लॅस्टिकच्या आतल्या अंगाला दव जमलेलं असेल किंवा तेवढी भिंत गडद दिसत असेल, तर पाणी भिंतीच्या आतून येतंय. हे तीन ठिकाणी करा: मशीनच्या नळामागे, बाथरूमच्या सामाईक भिंतीवर आणि वरच्या मजल्याच्या ड्राय बाल्कनीचा पाइप जिथून खाली येतो त्या कोपऱ्यात. हा तिसरा कोपरा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. वरच्यांच्या नहाणी ट्रॅपभोवतीची, म्हणजे फरशीतलं पाणी वाहून जातं त्या जाळीभोवतीची, फट गळत असेल, तर आपल्या सिलिंगवर पिवळट नकाशा उमटतो. तो रंगाने झाकता येत नाही, वरच्यांशी बोलूनच सुटतो.

भिंतीला लोणा लागला असेल, म्हणजे मिठासारखी पांढरी, बुरशीसारखी दिसणारी भुकटी उमटत असेल, तर ते ओलीबरोबर वर आलेले क्षार असतात. कोरड्या ब्रशने झाडून काढा, पाण्याने धुऊ नका. पाण्यात ते विरघळतात आणि पुन्हा भिंतीत शिरतात. काळे ठिपके मात्र खरी बुरशी. एक भाग ब्लीच आणि तीन भाग पाणी असं मिश्रण स्पंजने लावा, पंधरा-वीस मिनिटांनी साध्या पाण्याने पुसा, आणि पूर्ण वाळू द्या. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. टाइल साफ करायचं अ‍ॅसिड त्याच दिवशी, त्याच बादलीत चुकूनही नको. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि एवढ्याशा जागेत तो जिवावर बेतू शकतो.

प्लॅस्टर नवीन असेल तर किमान २८ दिवस थांबायचं. पझेशन मिळाल्याबरोबर फोडाफोडी करून नळ हलवले असतील, तर तेवढ्या पट्ट्यापुरतं का होईना, हा हिशेब धरा. "डॅम्पप्रूफ" लिहिलेला रंग आतून मारून गळती थांबत नाही. ती बाहेरच्या भिंतीची किंवा प्लंबिंगची दुरुस्ती आहे, आणि ती न करता शेड निवडत बसणं म्हणजे आधी कळस मग पाया.

तिथे आधीपासून कोणते रंग बसलेत

रिकाम्या खोलीला रंग निवडणं वेगळं आणि ड्राय बाल्कनीला निवडणं वेगळं, कारण इथे निम्म्याहून जास्त पृष्ठभाग आधीच रंगलेला असतो. डॅडोच्या, म्हणजे भिंतीच्या खालच्या भागाला लावलेल्या, टाइल्स तीन-चार फुटांपर्यंत, काही ठिकाणी सात फुटांपर्यंत गेलेल्या असतात. खाली फरशी, समोर मशीन, बाजूला ग्रिल. आपल्या वाट्याला भिंतीचा वरचा पट्टा आणि सिलिंग येतं.

म्हणून टाइलपासून सुरुवात करा. टाइल "पांढरी" किंवा "क्रीम" आहे असं आपण म्हणतो, पण शेजारी छपाईचा कोरा पांढरा कागद धरला की खरं कळतं. कागदाशेजारी ती पिवळसर, गुलाबीसर, हिरवट किंवा राखाडी यांपैकी कुठेतरी झुकलेली दिसेल. बिल्डरच्या बऱ्याच बदामी टाइल्स गुलाबीकडे झुकतात. त्यांच्यावर पिवळट क्रीम मारला की दोन्ही एकमेकांना मळकं दाखवतात, आणि बाई रोज पुसत असूनही जागा धुतलेली वाटत नाही. नियम सोपा आहे. टाइल ज्या बाजूला झुकलेली आहे त्याच बाजूचा फिकट रंग वर घ्या, नाहीतर ज्यात पिवळा-गुलाबी काहीच नाही असा सरळ राखाडीकडचा घ्या. टाइलशी हुबेहूब जुळवायला जाऊ नका. टाइल चकचकीत, रंग मंद. एकच शेड दोन पृष्ठभागांवर एक दिसतच नाही, आणि "जुळता जुळता राहिलं" हे सरळ वेगळ्या रंगापेक्षा जास्त खटकतं.

मशीन पांढरं असेल तर पिवळसर भिंतीसमोर ते निळसर, दवाखान्यातल्यासारखं दिसतं. चंदेरी किंवा गडद राखाडी मशीनला फारशी अडचण नसते. ग्रिल बहुधा काळं किंवा पांढरं, ते सोसायटीच्या नियमात अडकलेलं असतं. बाल्कनी उघडी असेल तर बाहेरून दिसणाऱ्या कठड्याचं आणि पट्ट्यांचंही तेच, आपल्या शेडचा ब्रश तिथपर्यंत न्यायचा नाही. गॅसची पाइपलाइन इथूनच जात असेल तर तिचा पिवळा रंग तसाच राहू द्या. ती ओळखू यावी म्हणूनच पिवळी असते. मीटरवर तर थेंबही उडवू नका, कागद गुंडाळून घ्या.

आणखी एक भिंत असते, ती आपली नसते: समोरच्या इमारतीची. दहा-पंधरा फुटांवर विटकरी किंवा पिवळी बिल्डिंग असेल, तर दुपारी तिच्यावर आपटून येणारा उजेड त्याच रंगाचा असतो. गुलमोहर किंवा बदामाचं झाड ग्रिलला टेकलेलं असेल तर सकाळभर भिंतीवर हिरवी झाक राहते. दुकानात आवडलेला फिकट गुलाबी अशा हिरव्या उजेडात आजारी वाटायला लागतो.

उजेड

इथे घाई करायची नाही. ड्राय बाल्कनीत उजेड एकाच बाजूने येतो, म्हणून दिशेचा परिणाम हॉलपेक्षा कितीतरी जास्त.

उत्तरेकडची बाल्कनी वर्षाचा बराच काळ थेट उन्हाशिवाय असते. तिथे आकाशाचा उजेड येतो, आणि तो निळसर असतो. थंड राखाडी किंवा आकाशी तिथे उदास होतो. किंचित पिवळसर पांढरा, हस्तिदंती, फिकट गव्हाळ असे रंग तिथे जिवंत वाटतात. पण एक गंमत लक्षात ठेवा. पुणे-मुंबईच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळ तर ठळकच उत्तरेकडून येतो. म्हणजे मे महिन्यात रंग काढायला घेतलात तर उत्तरेच्या बाल्कनीत उन्हाची तिरीप दिसेल आणि "इथे तर छान ऊन येतं" असं वाटेल. ते पाहुणं ऊन आहे. उरलेल्या नऊ महिन्यांचा विचार करून शेड घ्या.

दक्षिणेकडे याच्या उलट. डिसेंबरात पुण्यात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो, त्यामुळे ऊन तिरपं होऊन थेट आतल्या भिंतीवर पडतं. थंडीत सगळ्यात जास्त उजेड दक्षिणेच्या ड्राय बाल्कनीत. तिथे शुभ्र पांढरा डोळ्यांवर येतो. थोडा राखाडी मिसळलेला पांढरा किंवा फिकट शेवाळी सुखाचा.

पश्चिमेची बाल्कनी म्हणजे चारनंतरचं नारिंगी ऊन. पिवळे, बदामी, पीच असे रंग त्या उजेडात पेटल्यासारखे दिसतात आणि मार्च-एप्रिलमध्ये नुसतं बघूनच उकडतं. थंड रंगांची मजा पश्चिमेलाच: फिकट आकाशी, राखाडी, पुदिन्याचा हिरवा. शिवाय पश्चिमेच्या उन्हात रंग विटतो. भडक गुलाबी, जांभळा, झगझगीत पिवळा यांची रंगद्रव्यं उन्हात लवकर उतरतात. गेरू आणि पिवडीच्या जातीची, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडची, मातकट रंगद्रव्यं टिकून राहतात. कोकणातल्या जुन्या घरांच्या गेरूच्या पट्ट्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऊन खाल्लंय, त्याचं कारण हेच. पूर्वेची बाल्कनी सगळ्यात सोपी. सकाळी उबदार, दुपारनंतर शांत, बहुतेक शेड चालतात.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये असाल तर वरची उत्तर-दक्षिण उलटी करून वाचा. अमेरिका-युरोपात बऱ्याच घरांत तळघरात किंवा कपाटासारख्या खोलीत मशीन असतं, तिथे बहुधा खिडकी नसते. तिथे दिशा विसरा, दिवा बघा.

दिव्याकडे इकडेही बघायलाच हवं, कारण नोकरी करणाऱ्यांचं धुणं रात्री नऊनंतर लागतं. आपल्याकडे बहुतेक ड्राय बाल्कन्यांत ६५०० केल्व्हिनचा (केल्व्हिन म्हणजे उजेडाच्या छटेचं माप) पांढरा एलईडी लावलेला असतो. हा उजेड निळसर असतो. दुपारी उबदार दिसलेला क्रीम त्याच्याखाली फिका, थोडा हिरवट होतो. २७०० ते ३००० केल्व्हिनचा पिवळा बल्ब उलटं करतो: राखाडी भिंत मातकट वाटते आणि कपड्यावरचा हळदीचा डाग पिवळ्या उजेडात हरवून जातो. ४००० केल्व्हिनचा दिवा मधला, आणि धुण्याच्या जागेला मला तोच योग्य वाटतो. रंग ठरवण्याआधी दिवा बदला. नंतर बदललात तर शेडही बदलली असंच समजा.

भिंतीचा रंग कपड्यांवरही पडतो, हे फार कमी जण लक्षात घेतात. छोट्या जागेत भिंतीवरून परतलेला उजेडच कपड्यावर पडत असतो. पिवळ्या भिंतींमध्ये उभं राहून पांढरा सदरा पाहिला तर तो पिवळट दिसतो आणि आपण विनाकारण नीळ जास्त घालतो. शिवाय डिटर्जंटमध्ये उजळपणासाठी जे द्रव्य असतं ते उन्हातले अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतं. त्यामुळे दिवसा वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीशेजारी कोणतीही पांढरी भिंत मळकीच दिसणार. पांढऱ्याशी पांढऱ्याची स्पर्धा लावूच नये हे बरं.

मळ कसला उडणार

हॉलमध्ये रंग निवडताना सोफा कोणता हे विचारतात. इथे विचारायचा प्रश्न: भिंतीवर काय उडतं?

पांढऱ्या भिंतीवर नीळ, पावसाळी बुटांचा चिखल, फरशी पुसायच्या फडक्याचं पाणी, सगळं दिसतं. यावर उपाय म्हणून काही जण गडद निळा किंवा कोळशासारखा राखाडी मारतात. छायाचित्रात ते देखणं दिसतं. पण टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी वाळलं की मागे पांढरे थेंब राहतात, साबणाच्या पावडरीचे ओघळ राहतात, कपड्यांचे तंतू चिकटतात, आणि गडद भिंतीवर यातलं एकूण एक नजरेत भरतं. दोन्ही प्रकारचा मळ पोटात घेतात ते मधले रंग: थोडा राखाडी किंवा थोडी माती मिसळलेले, फार फिकट नाहीत आणि गडद तर नाहीतच. पावसाच्या ढगासारखा फिकट राखाडी, शेवाळी हिरवा, वाळूचा रंग.

गॅस गीझर इथेच बसवलेला असेल तर त्याच्या वरच्या भागात हळूहळू तांबूस-काळपट छटा येते. तेवढा भाग सिलिंगपर्यंत टाइलचा करून घेतलात तर सुटलात. नसेल तर निदान तिथे पांढरा नको.

शेड कार्डवर काय बघायचं

छोट्या जागेत भिंती एकमेकींवर रंग फेकतात. समोरासमोरच्या दोन पिवळ्या भिंती एकमेकींना आणखी पिवळं करतात. म्हणून कार्डवर दोन बोटांच्या चौकोनात आवडलेला रंग चार फूट रुंद जागेत चढून दिसतो. जो आवडला त्याच पट्टीवर एक घर वर सरका, म्हणजे फिकट व्हा. आणि शेजारी त्याचाच राखाडीकडे झुकलेला भाऊ असेल तर तो घ्या. कार्डवर तो निस्तेज वाटतो, दुकानदार तर हमखास "हा डल होईल" म्हणतो. भिंतीवर मात्र तोच नीट बसतो.

काही कंपन्या शेडच्या माहितीत एलआरव्ही नावाचा आकडा देतात. भिंत किती उजेड परत फेकते त्याचं ० ते १०० असं माप. शून्य म्हणजे काळाकुट्ट, शंभर म्हणजे आदर्श पांढरा. ड्राय बाल्कनीसाठी मी ६० ते ७५ च्या आसपासचा रंग शोधतो. ८० च्या वर गेलं की डाग दिसतात. ५० च्या खाली गेलं की दिवसाही दिवा लावावा लागतो.

माझी आवड विचाराल तर फिकट शेवाळी, म्हणजे हिरव्यात भरपूर राखाडी मिसळलेला. पांढऱ्या, बदामी, राखाडी अशा तिन्ही टाइल्सशी त्याचं जमतं, चिखल आणि साबण दोन्ही लपवतो, आणि ग्रिलमध्ये तुळस-कढीपत्त्याच्या कुंड्या असतील तर त्यांच्याशी वैर करत नाही. दुसरा पर्याय वाळूचा रंग, उत्तरेच्या बाल्कनीला. आकाशी पश्चिमेला, तोही राखाडीकडचा. लहान मुलांच्या खोलीतला गोड आकाशी नाही. फिकट पोपटी आणि पिस्ता आपल्याकडे फार वर्षं चालत आले आहेत, पण पांढऱ्या एलईडीखाली ते सरकारी कार्यालयासारखे होतात. एखादी भिंत वेगळ्या गडद रंगाची करायचा मोह होईल. चार फुटांच्या जागेत तिच्यासमोर मशीन आणि वर ओले टॉवेल लटकणार आहेत, ती दिसणार कुणाला?

सिलिंग वेगळं. तिथे पांढराच, किंवा भिंतीचीच शेड चौथ्या हिश्शाने फिकी करून. वर कपड्यांचं स्टँड असेल तर पांढऱ्या सिलिंगवरून परतणारा उजेड कपड्यांमधून खाली झिरपतो, त्याचा उपयोग होतो.

नमुना लावल्याशिवाय डबा उघडायचा नाही

फोनच्या पडद्यावर शेड ठरवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. दोन, फार तर तीन शेड पक्क्या करा आणि त्यांचा लहानात लहान डबा आणा.

जुन्या भिंतीवर थेट ठिगळं मारू नका, मागचा रंग डोळ्याला फसवतो. दोन फूट बाय दोन फूट जाड पुठ्ठा घ्या. टीव्ही-फ्रिजच्या खोक्याचा चालतो. त्यावर आधी पांढरा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, तो वाळल्यावर शेडचे दोन हात, आणि चारी बाजूंनी दोन बोटं पांढरी कड मोकळी. इमल्शन, म्हणजे पाण्यात कालवायचा प्लॅस्टिक रंग, ओलं असताना फिकट दिसतं, वाळल्यावर थोडं गडद होतं. चुन्याचं नेमकं उलट: ओला चुना भिंतीत दिसतच नाही आणि वाळल्यावर पांढरा उमलतो. आजोबांच्या वेळचा चुन्याचा अनुभव इथे लावू नका. निर्णय दुसऱ्या दिवशी घ्या.

पुठ्ठा एकाच जागी ठेवून उपयोग नाही. आधी खिडकीसमोरच्या भिंतीवर, मग खिडकीच्या शेजारच्या अंधाऱ्या भिंतीवर, मग मशीनच्या मागे टाइलच्या कडेवर टेकवून ठेवा. सकाळी आठला, दुपारी एकला, संध्याकाळी पाचला आणि रात्री दिवा लावून बघा. रात्री बघताना स्वयंपाकघराचा दिवाही लावा, कारण त्या दारातून येणारा उजेड यात मिसळतोच. शेजारी धुतलेला पांढरा रुमाल टांगा. रुमाल ज्याच्याशेजारी स्वच्छ दिसेल तो पुठ्ठा ठेवा, दुसरा बाजूला काढा.

मग मी एक गोष्ट करतो, जी पेंटरला हास्यास्पद वाटते. पुठ्ठा आठवडाभर वाळू देतो आणि त्याच्या एका कोपऱ्यावर निळीचा थेंब, साबणाचं पाणी आणि कुंडीतली थोडी ओली माती लावून रात्रभर ठेवतो. सकाळी ओल्या फडक्याने पुसायचं. माती निघून जाते. साबणाचा पांढरा कड राखाडी पुठ्ठ्यावर हलकासा उरतो, वाळूच्या रंगावर दिसत नाही. नीळ पटकन पुसली तर निघते, रात्रभर राहिली तर मंद रंगात मुरते आणि सॅटिनवर, म्हणजे मध्यम चमकीच्या रंगावर, बरीचशी सुटते. शेड आणि चमक दोन्हींचा निकाल असा एकाच पुठ्ठ्यावर लागतो.

रंग कोणत्या जातीचा

डिस्टेंपर इथे नको. स्वस्त आहे, पण ओल्या फडक्याला उतरतो. ऑइल पेंट जुन्या इमारतींच्या मोऱ्यांमध्ये कमरेपर्यंत मारलेला दिसतो. पुसायला छान, पण तो भिंतीला श्वास घेऊ देत नाही, मागून ओल आली की फुगे धरतो, आणि पांढरा ऑइल पेंट मशीनमागच्या अंधारात पिवळा पडत जातो. तोच आधीपासून असेल तर त्यावर पाण्याचा रंग नीट धरत नाही. पॉलिश पेपरने चमक घालवून, त्याला चालणारा प्रायमर मारूनच पुढे जा.

ग्रिलची, उघडी बाल्कनी असेल तर बाहेरच्या भिंतींसाठीचं एक्स्टीरियर इमल्शन घ्या. पावसाचे शिंतोडे आणि शेवाळ सोसण्यासाठीच ते केलेलं असतं. सरकत्या काचांनी पूर्ण बंद असेल तर आतल्या वापराचं, धुता येणारं चांगल्या प्रतीचं इमल्शन पुरतं. चमक मध्यम, सॅटिन किंवा हलकी शीन. पूर्ण मॅट डाग पितो. पूर्ण चकचकीत रंगात भिंतीचा प्रत्येक खड्डा तिरप्या उन्हात उठून दिसतो, आणि ड्राय बाल्कनीचं प्लॅस्टर बिल्डरने जीव लावून केलेलं नसतंच. भिंत सपाट करायची पुट्टी पांढऱ्या सिमेंटची घ्या, ओलीत तीच टिकते.

कोकणात आणि गोव्यात हवाच चार महिने ओली असते. बुरशीविरोधी द्रव्य घातलेलं इमल्शन तिथे चैन नव्हे. तिथे शेडही अगदी फिकट नको.

किती आणायचा

मोजून बघू. चार बाय सहाची बाल्कनी, उंची साडेनऊ फूट, चार फुटांची एक बाजू ग्रिलची. उरलेल्या भिंती सहा, सहा आणि चार, म्हणजे १६ फूट. डॅडो चार फुटांचा असेल तर वर साडेपाच फूट उरतात: १६ गुणिले ५.५ म्हणजे ८८ चौरस फूट. स्वयंपाकघराच्या दाराचा डॅडोच्या वरचा भाग वजा केला की ८० धरा. बाहेरच्या इमल्शनचे दोन हात लिटरला साधारण ५० चौरस फूट असा हिशेब ठेवला तर १.६ लिटर लागेल, म्हणजे दोन लिटर. सिलिंग २४ चौरस फूट, त्याला एक लिटरचा पांढरा डबा, आणि त्यातलाही निम्मा उरेल. डॅडोच नसेल तर भिंती जवळजवळ १३५ चौरस फूट होतात आणि तीन लिटर लागतात. नेमका आकडा डब्यावर छापलेला असतो, तो वाचा.

दोन डबे दुकानातल्या रंग मिसळायच्या मशीनवर वेगवेगळे बनवून घेतले असतील तर वापरण्याआधी दोन्ही एका बादलीत एकत्र करा. एकाच कोडचे दोन डबे थोडे वेगळे निघू शकतात आणि भिंतीच्या मधोमध सांधा दिसतो. गडद शेड घेत असाल तर तिसऱ्या हाताचा रंग धरूनच चला.

काम करून घेताना

एवढ्याशा जागेला पेंटर फुटावर येत नाही, हजेरीवर येतो. म्हणून घरातलं दुसरं काही रंगवायचं असेल त्याला हे जोडून द्या. जून ते सप्टेंबर सोडून कधीही. दिवाळीच्या आधीचे दोन आठवडे मात्र पेंटर मिळत नाही आणि मिळाला तर दोन हातांमधला वेळ देत नाही. पावसाने नुकतीच उघडीप दिली असेल तर भिंतीला दोन-तीन आठवडे वाळायला द्या आणि प्लॅस्टिकची तपासणी पुन्हा करा.

क्रम असा: मशीन बाहेर, नळ बंद, खरवडणं, बुरशी धुणं, वाळवणं, फटी आणि पुट्टी, पॉलिश पेपर, प्रायमरचा हात, सिलिंग, मग भिंतींचे दोन हात. मशीन बाहेर काढलंच पाहिजे. "मागचं कुणाला दिसतंय" म्हणून तेवढी भिंत सोडली की बुरशी नेमकी तिथूनच सुरू होते. रंगात पाणी किती घालायचं हे डब्यावर असतं. पेंटर त्याहून जास्त घालू लागला तर तिथेच थांबवा, पातळ केलेला रंग कुठल्याच शेडचा राहत नाही. टाइलच्या वरच्या कडेला मास्किंग टेप लावून घ्या आणि दुसरा हात पुरता वाळायच्या आत तो काढा, नाहीतर रंगाची साल टेपबरोबर निघते.

शेवटच्या हातानंतर एक दिवस तरी मशीन आत सरकवू नका. भिंत पुसायची किंवा धुवायची ती तीन-चार आठवड्यांनी, तोवर वरवर वाळलेला रंग आतून पक्का होत असतो. मशीन मागे ढकलताना भिंतीपासून तीन-चार बोटं सोडा. स्पिनच्या थरथरीने रंग खरवडला जात नाही आणि मागे वारा खेळतो.

उरलेला रंग काचेच्या लहान बरणीत काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून सावलीत ठेवा. अर्ध्या रिकाम्या डब्यात त्याची साय धरते. शेडचं नाव, कोड, कंपनी, रंगाची जात आणि महिना-वर्ष एका कागदावर लिहून इलेक्ट्रिकच्या डीबीच्या, म्हणजे मेन स्विचच्या पेटीच्या, झाकणाला आतून चिकटवा. नळाभोवतीचा पट्टा दोन वर्षांनी टचिंगला येईल तेव्हा दुकानदार पहिला प्रश्न कोडचाच विचारतो.